घरी पोटाचं डायलिसिस: नळीचं तोंड आणि नळीचं टोक जंतूंपासून कसं राखायचं

पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी (किडनी थकल्यावर नळीने पोटात बॅगेतलं पाणी भरून, काही तासांनी ते काढून रक्त साफ करायची पद्धत), घरी सुरू झालं की सुरुवातीला सगळ्यांचा जीव नळीत अडकलेला असतो. झोपेत ओढली जाईल का, निसटेल का, पोटातलं पाणी बाहेर येईल का. यातलं सहसा काही होत नाही. पोटाचं डायलिसिस सोडून मशिनवर जावं लागतं त्यामागचं एक मोठं कारण असतं इन्फेक्शन, आणि ते टाळणं बरंचसं घरातल्यांच्याच हातात असतं. (घरी मशिन लावून रक्ताचं डायलिसिस करणारे आपल्याकडे फार थोडे. त्यांच्या फिस्टुलाची, म्हणजे सुई टोचण्यासाठी जोडलेल्या हातातल्या रक्तवाहिनीची, काळजी वेगळी, ती इथे घेतलेली नाही.)

जंतूंना आत शिरायला दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे पोटाच्या कातडीतून नळी बाहेर येते ती जागा. डॉक्टर आणि सिस्टर तिला एक्झिट साइट म्हणतात, इथे आपण तिला नळीचं तोंड म्हणू. दुसरी वाट म्हणजे बॅग जोडतो ते नळीचं टोक. तोंडाशी आलेले जंतू कातडीखालून नळीच्या कडेकडेने हळूहळू आत सरकतात. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात आणि त्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात. टोकाला लागलेले जंतू मात्र पुढच्या दहा मिनिटांत दोन लिटर पाण्याबरोबर थेट पोटात उतरतात. घरोघरी तोंडाची काळजी मनापासून घेतली जाते, कारण ते दिसतं. टोकाच्या बाबतीत तीच माणसं सैल पडतात. दिवसाला चार बॅगा म्हणजे महिन्याला १२० वेळा ते टोक उघडतं. पहिल्या महिन्यात हात जपून चालतो. चूक होते ती पुढे, काम अंगवळणी पडल्यावर.

नळी आत कशी बसलेली असते

डॉक्टर हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेचीच नळी आजही बहुतेक ठिकाणी घालतात: मऊ सिलिकॉनची, दोन ठिकाणी जाड धाग्याच्या कापडाचं कडं असलेली. या कड्याला कफ म्हणतात. एक कफ पोटाच्या स्नायूत बसतो, दुसरा कातडीखाली, तोंडापासून साधारण दोन सेंटीमीटर आत. शरीराचे तंतू त्या कापडात शिरून वाढतात आणि नळी जागच्या जागी घट्ट धरतात. जंतूंना अडवणारी भिंत ती हीच. ती पक्की व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात नळीला एक हिसका बसला, तरी नुकते धरलेले तंतू तुटतात आणि तिथे ओल राहते.

तोंड कुठे यावं हे ऑपरेशनच्या आधी ठरतं, आणि इथे पेशंटने बोललं पाहिजे. साडी नेसत असाल तर परकराची नाडी कुठे बांधता, धोतर किंवा पँटचा पट्टा कुठे येतो, बसल्यावर पोटाची घडी कुठे पडते, हे नेहमीच्या कपड्यांत उभं राहून आणि बसून सर्जनला दाखवा आणि पेनाने खूण करून घ्या. तोंड नाडीखाली आलं तर ते रोज घासलं जाणार. पोटाच्या घडीत आलं तर घामात भिजणार. स्वतःच्या डोळ्यांना दिसत नसेल तर रोज बघितलंच जाणार नाही. तोंडाची दिशा खाली किंवा बाजूला असावी. वर तोंड करून असलेल्या जागेत घाम आणि अंघोळीचं पाणी साचतं.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे

ऑपरेशनचं ड्रेसिंग पाच ते सात दिवस उघडायचं नसतं. रक्त आलं, पाणी पाझरलं किंवा पट्टी भिजली तरच, आणि तेही तुमच्या डायलिसिस केंद्रात. पुढची ड्रेसिंगही सिस्टरच करतात, आठवड्यातून साधारण एकदा. आत काय चाललंय ते बघायला घरी पट्टी उचलू नका. दर उचलण्याला नळी थोडी हलते.

अंघोळ बंद, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर, नातवंडं, काही उचलायचं नाही. खोकला असेल तर औषध घ्या, शौचाला जोर करावा लागत असेल तर तेही सांगा. नळी तोंडापासून पाच-सात सेंटीमीटर खाली चिकटपट्टीने पोटाला धरून ठेवा. ती ज्या बाजूला आपोआप वळते त्याच बाजूला, ताण न देता. उलट दिशेला वळवून चिकटवली तर तोंडाच्या एका कडेवर सतत दाब येतो आणि तिथली कातडी सोलवटते. जखम भरल्यावरही हा आधार सोडू नका. ज्या तोंडाला वारंवार इन्फेक्शन होतं, तिथे बरेचदा नळी मोकळी लोंबत असते.

रोजची निगा

तोंड पूर्ण भरलं, असं केंद्राने सांगितल्यावर निगा तुमच्याकडे येते. आठवड्यातून निदान दोनदा आणि प्रत्येक अंघोळीनंतर तोंड साफ करायचंच. आपल्याकडचा घाम आणि धूळ बघता रोजच करा. अंघोळीनंतर लगेचची वेळ ठेवली की विसरत नाही.

लागणारं सामान थोडं आहे: निर्जंतुक गॉझ, कापसाच्या निर्जंतुक काड्या, सलाइन किंवा केंद्राने दिलेलं द्रावण, कागदी चिकटपट्टी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं जंतुनाशक मलम. बहुतेक ठिकाणी ते मुपिरोसिन असतं, काही ठिकाणी जेन्टामायसिन क्रीम. मलमाची ट्यूब पेशंटची एकट्याची. घरात कुणाला फोड आला म्हणून तीच वापरायची नाही. उघडलेल्या सलाइनच्या बाटलीवर तारीख घाला आणि केंद्र सांगेल तितकेच दिवस वापरा. महिनाभर फ्रिजच्या दारात उभी असलेली बाटली सलाइन उरत नाही.

मास्क लावा, हात धुवा (कसे, ते पुढे सविस्तर आहे), जुनी पट्टी काढा आणि आधी फक्त बघा. मग गॉझ द्रावणात भिजवून तोंडापासून बाहेरच्या बाजूला गोल फिरवत न्या. एकदा बाहेर नेलेला गॉझ परत तोंडाकडे आणायचा नाही, दुसरा घ्यायचा. खपली असेल तर ओला गॉझ काही मिनिटं वर ठेवा. सुटली तर सुटली, नाहीतर राहू द्या. नखाने काढलेल्या खपलीखाली कच्ची जखम होते आणि पुढचं इन्फेक्शन तिथून सुरू होतं. मग कोरड्या गॉझने टिपून घ्या, पुसू नका. मुगाच्या दाण्याएवढं मलम काडीवर घेऊन नळीभोवती पातळ फिरवा. ट्यूबचं टोक कातडीला लावायचं नाही. जास्त मलमाने जास्त फायदा होत नाही, जागा फक्त ओली राहते. वर गॉझ आणि कागदी पट्टी. हवाबंद प्लॅस्टिकची पट्टी नको, खाली घाम साचतो.

तोंडावर काय लावायचं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण घरातलं कुणीतरी मायेने सुचवतंच: हळद, खोबरेल, अंगारा, टाल्कम पावडर, कडुनिंबाचा लेप. पाणी न घालता डेटॉलसारखं जंतुनाशक, स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. शेवटच्या तिन्हींनी जंतूंबरोबर नवी उगवणारी कातडीही मरते. आणि नळीजवळ कात्री, ब्लेड, सेफ्टी पिन कधीच आणू नका. चिकटपट्टी हाताने फाडता येते.

अंघोळ, नदी, पोहणं

बादली आणि तांब्याची अंघोळ असेल तर क्रम बदला. आधी डोकं आणि अंग धुऊन घ्या. तोंड सगळ्यात शेवटी, वेगळ्या भांड्यातल्या उकळून गार केलेल्या पाण्याने आणि बाटलीतल्या लिक्विड सोपने. डोक्यावरून ओतलेलं पाणी अंगावरचा सगळा मळ घेऊन पोटावरून उतरतं, ते शेवटचं पाणी असू नये. घरातल्या सगळ्यांचा एकच ओला साबण नको. पाठ पुसलेल्या पंचाने तोंड टिपू नका. अंघोळ झाली की तसंच बसू नका, लगेच कोरडं करून ड्रेसिंग करा.

टबमध्ये, विहिरीत, तळ्यात, नदीत बुडी नाही. गच्चीवरच्या टाकीत, ओल्या बादलीत, नळाच्या तोंडाशी सूडोमोनास नावाचा जंतू मजेत राहतो. नळीच्या तोंडाशी तो एकदा बसला की तिथून हलवणं फार कठीण. पंढरीला चंद्रभागेत किंवा नाशिकला गोदावरीत स्नान करायची इच्छा असेल तर काठावर उभं राहून थोडं पाणी डोक्यावर शिंपडून घ्या, पट्टीपर्यंत ओघळू देऊ नका. पोहण्याची फारच हौस असेल तर आधी केंद्राशी बोला. तोंडावर स्टोमाची (पोटावर काढलेल्या शौचमार्गाला लावतात ती) चिकट पिशवी लावून क्लोरिनच्या स्वच्छ तलावात काहींना परवानगी मिळते. साचलेल्या पाण्यात कुणालाच मिळत नाही.

हात धुणं

पोटात शिरणारे बरेच जंतू बोटांवरून येतात, म्हणून या भागात घाई करू नका.

अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा किंवा गंडा काढा. ओला दोरा दिवसभर ओलाच राहतो आणि बॅग जोडताना नेमका टोकाच्या वर लोंबतो. बांगड्या काढायच्या नसतील तर कोपराकडे सरकवून वर रबरबँड लावा. नखं कापलेली असावीत. वाहत्या पाण्याखाली, लिक्विड सोपने ४० ते ६० सेकंद: तळवे, हातांच्या पाठी, बोटांमधल्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोकं आणि शेवटी मनगट. लोक तळवे रगडून मोकळे होतात. प्रत्यक्षात टोकाशी जातात ते अंगठा आणि बोटांची टोकं. घरात नळ नसेल किंवा पाणी गेलं असेल तर दुसऱ्याने तांब्याने वरून ओतावं. बादलीत हात बुडवू नयेत.

नळ कोपराने किंवा कागदाने बंद करा. आता हात पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटांवरून जंतू सहज दुसरीकडे जातात. पेपर टॉवेल नसेल तर धुऊन वाळवलेले, झाकणाच्या डब्यात ठेवलेले छोटे सुती रुमाल चालतात, एक रुमाल एकदाच. बेसिनजवळ टांगलेला घरचा नॅपकिन नाही. कोरड्या हातांवर अल्कोहोलचं सॅनिटायझर घ्या, २० ते ३० सेकंद चोळा आणि आपोआप सुकू द्या. हवेत हात हलवून सुकवू नका.

यानंतर चष्मा, मास्क, केस किंवा मोबाइलला हात लागला तर सॅनिटायझर पुन्हा. मोबाइल खोलीत नसलेलाच बरा. बॅग जोडताना येणारा फोन कुणीही उचलतोच.

बॅग बदलण्याची जागा

घर एका खोलीचं असलं तरी चालतं. जोडताना दार-खिडकी बंद असावी, पंखा, कूलर, एसी बंद असावा आणि उजेड भरपूर असावा. विदर्भात मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण तो जोडतानाच्या आणि सोडवतानाच्या काही मिनिटांपुरताच बंद ठेवायचा आहे. मधला निचरा आणि भरणं बंद नळीतून होतं. वीज गेली आणि चार्जिंगचा दिवा नसेल तर थांबा. अंधारात जोडण्यापेक्षा बॅग तासभर उशिरा झालेली बरी. स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूम ही बॅग बदलायची जागा नव्हे. मांजर खोलीबाहेर. नळीशी खेळणं आणि ती चावणं तिला आवडतं, आणि मांजराच्या तोंडातल्या जंतूने होणारा पोटाचा संसर्ग डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

बॅगचे खोके फळीवर ठेवा, जमिनीवर किंवा ओल धरलेल्या भिंतीला लागून नाही. कोकणातल्या पावसाळ्यात खोक्याचा तळ मऊ पडतो, आणि उंदरांना तेवढंच हवं असतं. जुना साठा आधी वापरा.

बॅग कोमट करायची ती बाहेरचं वेष्टन न काढता, कोरड्या उबेने: हीटिंग पॅड किंवा बॅग वॉर्मर. गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवलेल्या बॅगच्या तोंडाशी पाणी शिरतं, आणि ते पाणी निर्जंतुक नसतं. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग कडक तापतो आणि बाहेरून कळत नाही.

बॅग बदलणं, पायरीपायरीने

खालचा क्रम ट्विन बॅगचा, म्हणजे भरलेली आणि रिकामी बॅग एकत्र येते त्या प्रकारचा. काही कंपन्यांच्या सेटमध्ये चिमट्यांऐवजी फिरवायची चकती असते. तिथे हाताची हालचाल वेगळी, जंतूंचा नियम तोच. केंद्राने शिकवलेला क्रम वेगळा असेल तर तोच पाळा. एका कंपनीची टोपी दुसऱ्याच्या नळीला लावून बघू नका.

१. टेबल पुसून कोरडं करा. कोमट बॅग, नवी टोपी (आयोडीनचा स्पंज असलेली, मिनीकॅप म्हणतात ती), चिमटे, मास्क, सॅनिटायझर असं सगळं हाताशी घ्या. मध्येच कपाट उघडावं लागलं की हात पुन्हा धुवावे लागतात.

२. बॅगवरचं ग्लुकोजचं प्रमाण (१.५, २.५ किंवा ४.२५ टक्के), लिटर आणि तारीख वाचा. पाणी नितळ आहे ना बघा.

३. मास्क लावा, नाक झाकून. खोलीतल्या प्रत्येकाने. मास्कचा फायदा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण सर्दी-खोकल्याच्या दिवसांत तो सोडणं वेडेपणा आहे.

४. नळीचं टोक, म्हणजे ट्रान्स्फर सेट, कपड्यांतून बाहेर काढा आणि त्याची चकती (फिरवून उघडायची-बंद करायची कळ) बंद आहे याची खात्री करा. हे हात धुण्याआधी, कारण कपडे आणि पट्टा स्वच्छ नसतात.

५. हात धुवा, कोरडे करा, सॅनिटायझर लावा.

६. वेष्टन फाडा. आत दोन-चार थेंब असणं ठीक आहे, पण ओघळ असेल तर बॅग बाजूला. दोन्ही हातांनी दाबून गळती बघा, टोकावरची रिंग आणि आतली मोडायची काडी शाबूत आहे का बघा. भरलेली बॅग टांगा, रिकामी खाली स्वच्छ ताटात ठेवा. भरायच्या नळीला चिमटा लावा.

७. पुन्हा सॅनिटायझर, हात सुकू द्या. बॅगच्या टोकाची रिंग ओढा, ट्रान्स्फर सेटची जुनी टोपी काढा, सेटचं टोक खाली धरा आणि लगेच दोन्ही जोडून फिरवून घट्ट करा. या क्षणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, मागे वळायचं नाही. सगळ्या क्रमातले धोक्याचे सेकंद हेच.

८. चकती उघडून पोटातलं पाणी खालच्या बॅगेत जाऊ द्या. साधारण २० मिनिटं.

९. चकती बंद. काडी मोडा, भरायच्या नळीचा चिमटा काढा आणि पाच आकडे मोजेपर्यंत ताजं पाणी थेट खालच्या बॅगेत जाऊ द्या. मग निचऱ्याच्या नळीला चिमटा.

१०. चकती उघडा, दोन लिटर पोटात जाऊ द्या. १० ते १५ मिनिटं.

११. चकती बंद. दोन्ही नळ्यांना चिमटे. सॅनिटायझर. नव्या टोपीचं पाकीट आता उघडा. स्पंज ओला, तपकिरी दिसला पाहिजे, कोरडा असेल तर दुसरी घ्या. बॅग सोडवा, टोपी आतून बोट न लावता बसवा आणि घट्ट करा. टोपी एकदाच वापरायची. उकळून पुन्हा नाही.

१२. निघालेलं पाणी बघा, काट्यावर मोजा, वहीत लिहा आणि मगच संडासात ओता.

नववी पायरी वगळू नका. पाणी वाया जातं म्हणून किंवा घाईत काही घरांत ती गाळली जाते. पूर्वी भरलेली बॅग एकट्या नळीने जोडायचे, आणि जोडताना टोकाला लागलेलं सगळं पाण्याबरोबर पोटात जायचं. इटलीत पेरुजिया इथे बुओनक्रिस्तियानी या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाय आकाराची नळी वापरून आधी धुवा, मग भरा ही पद्धत रूढ केली आणि पोटाचे संसर्ग झपाट्याने उतरले. त्या पाच आकड्यांत टोकाला चिकटलेले जंतू खालच्या बॅगेत वाहून जातात.

हात लागला, टोक पडलं, नळी फाटली

बॅगचं टोक कशाला लागलं तर ती बॅग टाकून द्या, दुसरी घ्या. स्पिरिटने पुसून तीच जोडायचा मोह होतो, कारण बॅग महाग आहे. दवाखान्यातलं एक ॲडमिशन कितीतरी बॅगांहून महाग पडतं.

ट्रान्स्फर सेटचं टोक हाताला, कपड्याला, जमिनीला लागलं आणि चकती बंद होती, तर बॅग जोडू नका. नवी टोपी लावा आणि केंद्राला फोन करा. सिस्टर सेट बदलून देतील. सेट घरी बदलायचा नसतो. चकती उघडी होती, टोपी निघून पडलेली सापडली, किंवा लागल्यानंतर पाणी आत गेलं, तर टोक बंद करून त्याच दिवशी केंद्रात जा. अशा वेळी सेट बदलून प्रतिबंधक अँटिबायोटिक द्यावं लागतं. दुखायला लागल्यावर बघू, असं म्हणू नका.

नळीला भोक पडलं किंवा चीर गेली तर भोक आणि पोट यांच्यामध्ये चिमटा लावा, फाटलेला भाग निर्जंतुक गॉझमध्ये गुंडाळा आणि निघा. म्हणून एक चिमटा कायम खिशात किंवा पर्समध्ये हवा.

तोंड बिघडतंय हे कसं ओळखायचं

रोज ड्रेसिंग करताना पाच गोष्टी बघा: सूज, खपली, लाली, दाबल्यावर दुखणं आणि स्राव. लाली किंवा सूज नळीभोवती अर्ध्या सेंटीमीटरच्या आत असेल तर नोंद करा आणि लक्ष ठेवा. त्याबाहेर पसरली, किंवा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर केंद्राला कळवा. पू आला तर मात्र बाकी काही नसलं तरी ते इन्फेक्शनच. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. जागा काळपट, जांभळट, तकतकीत दिसते आणि बोटांच्या पाठीने स्पर्श केला तर गरम लागते. रोज एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढला की फरक कळतो, फक्त मोबाइलला हात लागल्यावर सॅनिटायझर पुन्हा लावा.

कातडीखालच्या नळीच्या वाटेवर आतून तोंडाकडे हलकेच बोट फिरवा. तिथे दुखलं, गाठ लागली किंवा तोंडातून पू आला तर इन्फेक्शन कातडीखालच्या या वाटेत, म्हणजे बोगद्यात, शिरलंय, तेव्हा त्याच दिवशी जा. जाण्याआधी तोंड जंतुनाशकाने साफ करू नका, पुवाचा नमुना तपासायचा असतो. औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस चालतं, सूडोमोनाससाठी किंवा बोगद्यातल्या इन्फेक्शनसाठी निदान तीन आठवडे. पाचव्या दिवशी जागा छान दिसली तरी पूर्ण घ्यायचं. औषधानेही न हटणाऱ्या जागेसाठी नळी बदलावी लागते.

वारंवार त्रास होत असेल तर नाकातला नमुना तपासायला सांगा. काहींच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस कायम मुक्कामाला असतो आणि बोटांवरून तोंडाशी येतो. त्यासाठी नाकात लावायचं मलम मिळतं.

गढूळ पाणी

निघालेली बॅग छापील कागदावर ठेवा. वर्तमानपत्राची अक्षरं पाण्यातून वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर पोटाच्या पडद्याला (आतल्या अस्तराला) संसर्ग झालाय असंच धरून चाला. पोट दुखत नसेल, ताप नसेल, तरीही. पांढरे धागे एकटे दिसले, पाणी नितळ असेल, तर ते बहुधा फायब्रिन, म्हणजे शरीरातल्या प्रथिनाचे धागे. केंद्राला कळवा, पण धावपळ नको.

गढूळ बॅग टाकू नका, टोक बंद करून सोबत न्या. तिच्यातल्या पेशी मोजतात. पोटात निदान दोन तास राहिलेल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला १०० हून अधिक पांढऱ्या पेशी, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), असा तो निकष आहे. जंतू कोणता हे कळायला कल्चर लावतात. म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका. गोळीने पोट बरं होत नाही, कल्चरमध्ये जंतू मात्र सापडेनासा होतो. औषध बहुतेक वेळा बॅगेतूनच पोटात देतात, आणि ते काही तासांत सुरू व्हायला हवं. रात्री गढूळ पाणी आलं आणि गाव लांब असेल तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. रात्रीच फोन करा.

बाकीच्या वाटा

काही जंतू आतड्यातून पोटाच्या पडद्यात येतात. बद्धकोष्ठ हे त्याचं मोठं कारण, तेव्हा दोन दिवस पोट साफ झालं नाही तर पोट साफ होण्याचं औषध विचारून घ्या. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, गर्भाशयाची तपासणी, दात काढणं असलं काही ठरलं तर आधी किडनीच्या डॉक्टरांना सांगा. दुर्बिणीच्या तपासणीआधी अँटिबायोटिक घ्यायचं आणि पोटातलं डायलिसिसचं पाणी काढून जायचं असतं.

ट्रान्स्फर सेट साधारण सहा महिन्यांनी बदलतात. बदललेल्या दिवशीच पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वर्षातून एकदा तरी केंद्रात जाऊन सिस्टरसमोर पूर्ण बॅग बदलून दाखवा. एखादं इन्फेक्शन झाल्यावर, दवाखान्यातून घरी आल्यावर, नजर किंवा बोटांची ताकद कमी झाल्यावर आणि बॅग लावणारं माणूस बदलल्यावर तर नक्कीच. सून माहेरी गेली म्हणून आठ दिवस मुलगा बॅगा लावणार असेल, तर त्याचंही प्रशिक्षण झालेलं असावं. बघून येतं, असं धरू नका.

केंद्राचा दिवसाचा आणि रात्रीचा नंबर बॅगच्या टेबलाजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवा. फोन केल्यावर एवढं सांगा: पेशंटचं नाव, शेवटची बॅग किती वाजता आणि किती टक्क्यांची, पाणी कसं निघालं आणि किती, पोटात दुखतंय का, ताप किती, तोंड कसं दिसतंय, टोकाला काही लागलं का, आणि आत्ता पोटात पाणी आहे की नाही.